दुबईत फ्लॅट घ्या: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! कोथरूडच्या फ्लॅटचं कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं, पीपीएफ पिकला आणि बँकेतली बाई दर आठवड्याला फोन करून तुम्हाला ‘सर’ म्हणू लागली. म्हणजे तुमच्याकडे पैसे आहेत ही बातमी फुटलेली आहे. पूर्वीच्या माणसाने अशा वेळी मुळशीला चार गुंठे घेतले असते आणि उरलेलं आयुष्य बांधावरून भांडत घालवलं असतं. तुम्ही दुबईत फ्लॅट घ्या. तिथे बांध नाही. बऱ्याच वेळा इमारतही नसते.

अनुभवाची गरज नाही. अनुभव नसला की काम उलट लवकर होतं. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा, आणि मध्ये थांबून विचार करण्याचा मोह टाळा.

१. प्रदर्शनाला जा.

दुबईतली मालमत्ता दुबईत जाऊन पाहायची नसते. ती शनिवार-रविवारी मुंबई-पुण्यातल्या पंचतारांकित हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये पाहायची असते. तिथे काचेच्या पेटीत टॉवरची प्रतिकृती असेल, खाली निळं पाणी असेल. पाण्याकडे बोट करून ‘हा समुद्र का?’ असं विचारू नका. तो तलाव असतो, आणि तोही व्हायचा असतो. दरवाजा पूर्वेला आहे का, हे मात्र खोदून खोदून विचारा. सबंध व्यवहारात तुम्ही इतक्या चिकाटीने विचारलेला हा एकमेव प्रश्न ठरणार आहे, तेव्हा त्याचा आनंद घ्या.

शेजारी बसलेला सल्लागार तुमच्याकडून एक पैसाही घेत नाही, हे तो स्वतःच तीनदा सांगेल. गहिवरून जा. नव्या प्रकल्पात त्याचं कमिशन बिल्डर देतो, त्यामुळे त्याचा सल्ला तुम्हाला फुकट पडतो आणि बिल्डरला परवडतो. हमूसच्या दुसऱ्या वाटीनंतर तो सांगेल की शेवटची दोनच युनिट उरली आहेत. पुढच्या महिन्यात नाशिकच्या प्रदर्शनातही दोनच उरलेली असतील. टोकन देऊन टाका.

२. कागद पाहू नका.

मुळशीच्या गुंठ्यासाठी तुम्ही सातबारा काढला असता, फेरफार पाहिले असते, तीस वर्षांचा सर्च घेतला असता आणि वकील असलेल्या साडूला दोन रविवार राबवलं असतं. इथे त्यातलं काही करू नका. परदेश म्हणजे सगळं शिस्तीत, यावर श्रद्धा ठेवा.

खेदाची गोष्ट अशी की तिथे खरोखरच बऱ्यापैकी शिस्त आहे, आणि ती तपासणं अवघड नाही. परदेशी माणसाला पूर्ण मालकी कुठल्या भागात मिळू शकते, ते २००६ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ठरवून दिलेलं आहे. मरीना, पाम जुमेरा, डाउनटाउन ही त्यातली ऐकलेली नावं. २००७ च्या कायद्यानुसार नव्या प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यातच जमा व्हायला हवेत. दुबईचं रेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, त्याच वर्षीचं. आपलं महारेरा यायला २०१७ उजाडावं लागलं. बांधकाम चालू असताना झालेल्या विक्रीची ‘ऊकूद’ नावाची तात्पुरती नोंद होते. भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ या ॲपवर प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती टक्के झालं, हे खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

नेमकं म्हणूनच ते ॲप उतरवून घेऊ नका. उगाच कळेल, आणि कळलं की टोकन देताना हात थरथरतो. पैसे एस्क्रो खात्यात न भरता ‘सध्या कंपनीच्या खात्यात टाका, नंतर वळते करू’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवा. माणूस इतका गोड बोलतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?

करारही वाचू नका. तो इंग्रजीत आणि अरबीत असतो. वाद झाला तर कोर्टात अरबी मजकूर चालतो, मग इंग्रजी वाचण्याचे कष्ट कशाला? हप्ते थकले तर बांधकाम कुठवर आलं आहे ते पाहून बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते. भरलेल्या पैशांच्या नव्हे, किमतीच्या. हे वाक्य लग्नाच्या वाढदिवशी बायकोला वाचून दाखवायचं नाही.

३. इतिहास विसरा.

‘दुबईत भाव कधी पडत नाहीत’ हे वाक्य पाठ करा. २००८-०९ धरायचं नाही, कारण तेव्हा जगच बुडत होतं. २०१४ ते २०२० भाव हळूहळू घसरत होते, तेही धरायचं नाही, कारण हळूहळू होतं. ही वर्षं वगळली की आलेख सरळ वर जातो.

२५ नोव्हेंबर २००९ ला सरकारी मालकीच्या ‘दुबई वर्ल्ड’ने धनकोंकडे मुदत मागितली आणि डिसेंबरात अबू धाबीने १० अब्ज डॉलर पुढे केले. पुढच्याच महिन्यात, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटरचा ‘बुर्ज दुबई’ उघडला तो ‘बुर्ज खलिफा’ या नावाने. खलिफा म्हणजे अबू धाबीचे तेव्हाचे शासक. पाम जबेल अली या दुसऱ्या खजुराच्या बेटाचं काम २००२ मध्ये सुरू झालं, मंदीत थांबलं आणि २०२३ मध्ये नव्याने जाहीर झालं. प्रदर्शनात ‘ताबा २०२८’ असं छापलेलं पाहून तुम्हाला जे समाधान वाटतं, तसंच ते पहिल्या वेळच्या खरेदीदारांनाही वाटलं असणार.

४. आता पैसे पाठवा.

इथे नवशिका पहिल्यांदा दचकतो. त्याची समजूत अशी असते की परदेशात घर घ्यायचं म्हणजे परदेशचे कायदे. पण तुम्ही पुण्यात राहता, पुण्यात कर भरता आणि पैसे पुण्याहून जाणार आहेत. त्यामुळे फेमा हा परकीय चलनाचा कायदा, रिझर्व्ह बँक आणि आयकर खातं ही तिन्ही मंडळी तुमच्याबरोबर विमानात बसतात. दुबईला तुमच्याशी फारसं देणंघेणं नाही. नोंदणीचे ४ टक्के दिले की ती मोकळी. ते ४ टक्के कागदोपत्री विकणारा आणि घेणारा यांनी निम्मे निम्मे द्यायचे असतात. तुम्हीच सगळे द्याल. सगळेच देतात.

पैसे पाठवायचा सरळ रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. २००४ मध्ये ती २५,००० डॉलरवर सुरू झाली. आज माणशी एका आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. माणशी हा शब्द ऐकताच तुमचे डोळे चमकले, ते आम्ही पाहिलं. होय, अज्ञान मुलंही माणसंच धरली जातात, पालकाने सही करायची. तेव्हा पाचवीतल्या नातवाच्या नावाने अर्ज भरायला घ्या. मात्र ज्याच्या नावाने पैसे गेले त्याचं नाव मालकीत का नाही, हे बँक विचारते. नाव घातलंत की पुढे विकताना त्या नातवाची संमती लागते, आणि तो तेव्हा अठरा वर्षांचा व मतं असलेला झालेला असतो.

बायकोच्या नावाने घेतला तर? उत्तम कल्पना. पैसे तुम्ही दिले असतील तर भाडं आयकरवाले तुमच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे घर तिचं आणि कर तुमचा. अशी व्यवस्था तुमच्या घरात नवीन नसावी.

वर्षाला १० लाखांपुढे जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एक कोटी पाठवायचे तर ९० लाखांवर १८ लाख. म्हणजे खात्यात एक कोटी अठरा लाख हवेत. हे १८ लाख बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत येतात. तोवर ते सरकारकडे सुखरूप असतात आणि तुम्ही हप्त्यासाठी मेहुण्याकडे असता.

कोथरूडच्या फ्लॅटवर कर्ज काढून पैसे पाठवायची युक्ती तुम्हाला सुचली असेलच. सगळ्यांना सुचते. परदेशातल्या अशा भांडवली खरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे. म्हणून अर्जात कारण ‘घराची रंगरंगोटी’ असं लिहितात. दीड कोटीची रंगरंगोटी.

५. चार वर्षांचे हप्ते बांधून घ्या.

पेमेंट प्लॅन हा या व्यवसायातला सर्वांत सुंदर वाङ्मयप्रकार आहे. दरमहा एक टक्का! साठ टक्के बांधकाम होईपर्यंत, चाळीस टक्के ताबा मिळाल्यावर तीन वर्षांत! वाचताना ईएमआयपेक्षा हलकं वाटतं. फेमातल्या जाणकारांना मात्र शंका येते: ताबा घेऊन झाल्यावर वर्षानुवर्षं पैसे द्यायचे, म्हणजे हे परदेशी बिल्डरकडून घेतलेलं कर्जच झालं की नाही? आणि तसं असेल तर त्याला परवानगी कुठे आहे? जाणकारांकडे जाऊ नका. टोकन क्रेडिट कार्डाने दिलंत तर त्यांना आणखी एक शंका येईल, आणि पॉइंट तुमच्या खात्यात जमा होतील.

शिवाय हप्ते दिरहममध्ये आहेत. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे, त्यामुळे तो डॉलरच्या तुलनेत हलत नाही. हलतो तो रुपया. मे २०१३ मध्ये डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टच्या अखेरीस ६८ च्या पुढे गेला. आणि मधल्या १४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५,००० वर आणली, वर या मार्गाने परदेशात घर घ्यायलाच मनाई केली. ती मनाई पुढच्या वर्षी उठली. मधल्या काळात प्रदर्शनांतलं हमूस कोणी खाल्लं, याची नोंद नाही.

तेव्हा चार वर्षांच्या हप्त्यांवर सही करताना तुम्ही एका बिल्डरवर नव्हे, तर बिल्डर, डॉलर आणि मुंबईच्या मिंट रोडवरच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेतल्या, साहेबांचा मूड या तिघांवर पैज लावत आहात. हे वाक्य ब्रोशरमध्ये नाही, जागा पुरली नसेल.

६. आडमार्ग.

दुबईच्या देरामध्ये दुकान असलेला कोणीतरी प्रत्येकाला माहीत असतो. ‘इथे रोख द्या, तिथे दिरहम घ्या, टीसीएस नाही, फॉर्म नाही’ असं तो सांगेल. क्रिप्टोवालाही असेल, तो वयाने लहान आणि आवाजाने मोठा. फेमात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे, आणि परदेशातली मालमत्ता कायदा मोडून घेतल्याचा संशय असेल तर तेवढ्या किमतीची भारतातली मालमत्ता ईडी ताब्यात घेऊ शकते. म्हणजे दुबईच्या फ्लॅटपायी कोथरूडचा जातो. निदान त्याचं कर्ज तरी फिटलेलं होतं.

७. उत्पन्न मोजा, पण आमच्या पद्धतीने.

ब्रोशरमध्ये ‘८ टक्के करमुक्त परतावा’ लिहिलेलं असतं. करमुक्त हे खरंच आहे, पण तिथे राहणाऱ्याला. भारतात निवासी असलेल्या माणसाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो.

समजा, १० लाख दिरहमचा आठशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे. नोंदणीसह १०,४०,००० पडला. भाडं वर्षाला ७०,००० आलं. इमारतीचा सर्व्हिस चार्ज चौरस फुटाला १५ दिरहम धरला तर १२,००० गेले. फ्लॅट सांभाळणाऱ्या एजन्सीला पाच टक्के, ३,५००. उरले ५४,५००. आता इथला कर: भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ४९,००० वर सर्वोच्च दराने सेससह साधारण १५,३०० जातात. हातात ३९,२००. म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आत-बाहेर, आणि हे फ्लॅट बाराही महिने भरलेला असताना. रिकामा असेल तर चिलरचा, म्हणजे सगळ्या वस्तीला थंडावा पुरवणाऱ्या कंपनीचा स्थिर आकार बहुतेक ठिकाणी तुमच्याच माथी. उन्हाळ्यात पन्नास अंशांकडे झुकणाऱ्या गावात तुम्ही रिकाम्या खोल्या गार ठेवण्याची तयारी विकत घेतलेली असते.

खरं सांगायचं तर पावणेचार टक्के वाईट नाहीत. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं कर भरून याहून कमीच भरतं. पण पावणेचार टक्के म्हटल्यावर कोणी टोकन देईल का?

आलेलं भाडं तिथल्याच खात्यात साठू द्यायचं, पुढच्या सहलीला कामी येईल, असा बेत असेल तर तोही छान आहे. एलआरएसच्या पैशांतून झालेली आणि पुन्हा न गुंतवलेली मिळकत १८० दिवसांत भारतात आणायची असते, एवढीच अडचण.

८. भाडेकरू ठेवा.

आपल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय डोक्यातून काढा. तिथे करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत नोंदवायचा, आणि भाडं किती वाढवायचं ते सरकारी निर्देशांक सांगतो, कधी कधी तो शून्य सांगतो. स्वतः राहायला जायचं म्हणून भाडेकरूला काढायचं तर नोटरीमार्फत बारा महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि नंतर दोन वर्षं तो फ्लॅट दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. ‘भाचा यायचाय’ ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती तिथे चालत नाही, याचं आम्हालाही वाईट वाटतं.

९. गोल्डन व्हिसाची चौकट करून घ्या.

२० लाख दिरहमची मालमत्ता घेतली तर दहा वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्याने नागरिकत्व मिळत नाही. तुम्ही अनिवासीही होत नाही, कारण ते इथे किती दिवस राहता यावर ठरतं, आणि तुम्हाला गणपतीला, दिवाळीला, सवाईला आणि मधल्या सगळ्या दिवसांना इथेच असायचं असतं. व्हिसा सोनेरी, करदाता पुण्याचा.

१०. मरू नका.

हे फार महत्त्वाचं आहे. जोडीच्या नावावर फ्लॅट असला तरी एक गेल्यावर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. कोर्टाची पायरी आहेच. इथले वारसाचे कागद न्यायचे तर इथलं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास, मग अरबी भाषांतर, असा प्रवास आहे. मुस्लिमेतर लोकांसाठी दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्रात २०१५ पासून मृत्युपत्र नोंदवता येतं. त्याची फी सल्लागाराने सांगितली नव्हती, कारण तुम्ही विचारली नव्हती, कारण तुम्ही दरवाजा पूर्वेला आहे का ते विचारत होता.

११. आता सगळ्यांना सांगा.

बाल्कनीतला फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवा. शाळेच्या ग्रुपवर टाका. ‘आमचं दुबईचं घर’ हे शब्द केळवणात, मुंजीत आणि सोसायटीच्या सभेत किमान एकदा उच्चारा. फक्त सीएला सांगू नका. तो बिचारा मार्च-जुलै कामात असतो.

सीएला सांगितलंत तर तो म्हणेल की आता साधं आयटीआर-१ चालणार नाही. परदेशी मालमत्तेची माहिती विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये भरायची, आणि तीही आर्थिक वर्षाची नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची. भाडं आलं नसलं तरी, फ्लॅट बंद असला तरी. भाडं जमा होतं त्या तिथल्या बँक खात्याची माहिती देशादेशांतल्या करारांनुसार इथल्या आयकर खात्याकडे येतच असते. तुमचं स्टेटस पाहण्याचीही त्यांना गरज नाही.

न सांगितल्याचा दंड २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये आहे, आणि तो ज्या ज्या वर्षी सांगितलं नाही त्या त्या वर्षासाठी लागू शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली आहे. ती सूट स्थावर मालमत्तेला नाही.